२० तारीख आली की जागरण, कामं पुढं ढकलायची सवय कशी मोडू?

सातारकर:
माझं हार्डवेअरचं छोटं दुकान आहे, दिवसभर गिऱ्हाईक असतं तोवर कंटाळा येत नाही पण शटर ओढलं की बिलं चढवायचं अगदी जिवावर येतं, उद्या करू उद्या करू म्हणत ती पिशवीत साठत जातात आणि मग २० तारखेच्या आत जीएसटीचं ३बी, म्हणजे महिन्याचं विवरणपत्र, भरायचं म्हणून दोन रात्री जागरण. मागच्या महिन्यात ४ दिवस उशीर झाला, दिवसाला ५० रुपये लेट फी, वर १८ टक्क्यांनी व्याज. पैशापेक्षा मनाला लागलं. कुणाची सुटलीय का ही सवय?

कोल्हापूरची:
दादा, दिवसभर उभं राहून दमल्यावर आकडे नकोच वाटणार. मी शिवणकाम करते, हिशोब रात्रीवर ठेवायचे तेव्हा कधीच व्हायचा नाही. आता सकाळी अगरबत्ती लावली की पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत कालची बिलं वहीत. १० मिनिटं पुरतात कारण एकाच दिवसाची असतात ना.

पेठेतला:
साठलेल्या बिलांसाठी पोमोडोरो करा. फ्रान्चेस्को चिरिल्लोनं १९८० च्या दशकाच्या शेवटी, कॉलेजात असताना, टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या किचन टायमरवर हे सुरू केलं. २५ मिनिटं एकच काम, मग ५ मिनिटं सुट्टी. मी एमपीएससीचा अभ्यास असाच केला. फक्त टायमर मोबाईलवर नको, तो हातात आला की अर्धा तास गेलाच.

सातारकर:
ताई, अगरबत्तीचं एकदम पटलं. पिशवी काढलीय, आजची ६ बिलं आत्ताच चढवतो.