सी लिंकचा फोटो: क्षितिज आणि जळालेलं आकाश

वांद्रे किल्ल्यावरून टिपलेल्या सी लिंकच्या तुमच्या फोटोवर परीक्षकांचे दोन शेरे आहेत: क्षितिज तिरकं, आकाश जळालेलं, म्हणजे इतकं उजळ की तपशीलच उरलेला नाही. पहिला सोपा. दूर जाणारी किनाऱ्याची रेघ तिरकी दिसणारच, म्हणून उजवीकडच्या समुद्राच्या रेषेवरून सरळ करा. त्यात कडा कापल्या जातात, तेव्हा फ्रेम थोडी सैल ठेवा.

आकाशासाठी ग्रॅज्युएटेड फिल्टर (वर गडद, खाली पारदर्शक अशी काच) सुचेल, पण इथे नको. क्षितिजाच्या वर आलेले पुलाचे मनोरेही काळवंडतात. ट्रायपॉडवर, रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल), −२, ०, +२ म्हणजे गडद, मध्यम, उजळ असे तीन एक्स्पोजर घ्या, नंतर त्यांचा एकच फोटो जोडा. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ ते ११. तिन्हींत अ‍ॅपर्चर तेच, बदलायचा फक्त शटरचा वेग. हलत्या लाटा जोडताना दुहेरी दिसतात, त्यामुळे पाणी एकाच फोटोतलं घ्या. आणि हो, खाऱ्या वाऱ्याने लेन्सवर थर बसतो, अधूनमधून पुसा.