शिक्षकांना सोबत घेऊन वाचनाचं काम कसं करायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी राजापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात ग्रंथपाल आहे, अकरा वर्षं झाली. यंदा हेडसरांनी पाचवी ते आठवीच्या वाचन उपक्रमाची सगळी जबाबदारी माझ्यावर दिलीय, म्हणजे शिक्षकांची मीटिंग मीच घ्यायची, कुठल्या वर्गात काय करायचं तेही मीच ठरवायचं. आनंद झालाच, पण कागदोपत्री आम्ही शिक्षकेतर ना, पहिल्याच मीटिंगला दोन सिनियर सर वह्या तपासत बसले आणि एक बाई म्हणाल्या, "मॅडम, मग पोर्शन कधी संपवायचा?" त्यांचंही खरंय हो, पावसाच्या सुट्ट्याच किती झाल्या.

पण लायब्ररी म्हणजे ऑफ तासाला पोरं बसवायची खोली, हे मला आता चालवून घ्यायचं नाहीये. मागच्या महिन्यात विज्ञानाच्या बाईंना खाडीतल्या जीवांवरची पुस्तकं काढून दिली, तर सातवीतला एक पोरगा, जो एरवी तोंड उघडत नाही, तो उभा राहून कवच टाकल्यावर कुर्ली हाताला कशी मऊ लागते ते सांगायला लागला, घरी मासेमारी आहे त्याच्या. तेव्हापासून बाई स्वतःहून येतात.

बाकीच्यांबरोबर असं कसं जमवू? 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन होतोच, मला वर्षभर चालेल असं काहीतरी हवंय. एकेका विषयशिक्षकाला धरून सुरुवात करू की आधी टाइमटेबलमध्ये तास मागू? कोणी केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, दिवाळीच्या सुट्टीआधी पुढची मीटिंग आहे.