खेळण्यावर हवेत सुकणारी क्ले लावू नका, इपॉक्सीच लावा (पटत नसेल तर बोला)

खुडबुड्या
जुनी खेळणी घेऊन त्यांचं रूप बदलायचा नाद मला आहे, नवीन केस, शिंगं, चिलखत वगैरे. गेल्या आठवड्यात प्लॅस्टिकच्या एका घोड्याची आयाळ बदलायला घेतली. मूळची आयाळ मानेला चपटी चिकटलेली, निर्जीव, ती कोरून घासून काढली आणि तिथे वाऱ्यावर उडणारी आयाळ घडवायची असं ठरवलं. घरात पांढऱ्या एअर-ड्राय क्लेचं पाकीट पडलेलं होतं तेच फोडलं. रात्री इतकी झकास दिसत होती की चार बाजूंनी फोटो काढले. सकाळी मानेच्या कडेला केसाएवढी भेग. दुपारी त्या भेगेत नख जायला लागलं. तिसऱ्या दिवशी आख्खी आयाळ टोपी काढावी तशी हातात आली, आणि आतून बघतो तर मानेचा छाप एकदम गुळगुळीत, एक कणसुद्धा प्लॅस्टिकला धरून राहिलेला नाही.

मग उरलेल्या क्लेची 10 सेंटीमीटरची पट्टी करून सुकवली, ती भरली 9.4. म्हणजे क्ले आकसतेय आणि खालचं प्लॅस्टिक ढिम्म हलत नाही, मग फाटणार कोण? क्लेच ना!

तर माझं मत: खेळण्यावर काम करायचं असेल तर दोन भागांची इपॉक्सीच, म्हणजे दोन भाग मिसळले की कडक होणारी पुट्टी. अपॉक्सी स्कल्प्ट घ्या, मिलिपुट घ्या, दोन्ही भाग सारखे घ्यायचे, रंग एकजीव होईपर्यंत मळायचं, लावायचं. पाणी उडून जायची भानगडच नाही त्यामुळे आकसणं नाही, तडे नाहीत, आणि धरते तर अशी की नंतर काढायची म्हटली तरी निघत नाही. हवेत सुकणारी क्ले शाळेतल्या प्रकल्पांना ठीक आहे.

निळी शाई
शेवटच्या वाक्यामुळे लॉगिन केलं.

मी बाहुल्यांचे चेहरे करते, स्टोन क्ले (दगडाच्या पुडीची, हवेतच सुकणारी) वापरून. जपानमध्ये गोल सांध्यांच्या बाहुल्या करणारे कलाकार आख्खी बाहुली, बोटांपर्यंत, याच क्लेमध्ये घडवतात. शाळेतला प्रकल्प म्हणे! तुम्ही पाकिटावर एअर-ड्राय एवढंच वाचलंत. त्यात कागदाच्या लगद्याची येते, दगडाच्या पुडीची येते, स्पंजसारखी हलकी फोम क्ले येते, आणि स्वस्तातली निव्वळ पांढरा चिखल असलेली पण येते. तुमच्याकडे शेवटची होती असा माझा अंदाज.

दुसरं, एका रात्रीत एवढी जाड आयाळ थापलीत कशाला? थर पातळ हवा, तो पूर्ण सुकू द्यायचा, भेगा पडतातच, त्यात पाण्यात कालवलेली तीच क्ले भरायची, मग पुढचा थर. आणि सुकलेल्या स्टोन क्लेवर सुरीने कोरण्यात जी मजा आहे ना, पापणीची कड, नाकपुडी, ती इपॉक्सीवाल्यांना कळायची नाही. नाक नाही आवडलं तर ओलं करून परत वाढवते मी, पंधरा दिवसांनीसुद्धा. तुमची इपॉक्सी एकदा दगड झाली की नाक आवडो न आवडो, जन्मभर तेच.

खुडबुड्या
ताई, ते जपानी कलाकार आत थर्माकोलसारखा गाभा ठेवतात, वरून क्ले चढवतात आणि सुकल्यावर कापून गाभा काढून टाकतात, मग परत जोडतात. मी पण बघितलंय ते. गाभा निघतो म्हणून चालतं. मी घोडा कसा काढू आयाळीतून?

रिकामटेकडा
किस पाडतोय, हलकं घ्या. इपॉक्सी हवेत *सुकत* नाही, तिच्यात रासायनिक क्रिया होऊन ती *घट्ट होते*. मिलिपुट तर पाण्याखाली पण घट्ट होते. त्यामुळे एअर-ड्राय विरुद्ध इपॉक्सी हे बरोबर आहे पण पुष्कळ लोक दोन्हीला एअर-ड्रायच म्हणतात आणि मग निम्मं भांडण शब्दांचंच होतं. चालू द्या.

टोचणी
किस पाडताय ते बरंच आहे, कारण रासायनिक क्रिया हाच माझा मुद्दा आहे. "इपॉक्सीच लावा" असं सरसकट सांगू नका. मी दोन वर्षं उघड्या हातांनी मळली. काही होत नाही म्हणून मीच लोकांना सांगायचो. मग बोटांच्या बेचक्यात खाज, मग लाल चट्टे, आणि आता अशी परिस्थिती आहे की चिमूटभर हाताला लागली तरी दोन दिवस त्रास. त्यातल्या हार्डनरची (घट्ट करणाऱ्या भागाची) ॲलर्जी एकदा बसली की बसली, नंतर कमी वापरतो म्हणून ती जात नाही. नायट्राइलचे हातमोजे पहिल्या दिवसापासून घाला. सुरुवातीला पुट्टी बोटांना नीट जाणवत नाही म्हणून चिडचिड होते, होऊ दे.

आणि घासताना मास्क लावा, शक्यतो पॉलिश पेपर ओला करून घासा म्हणजे धूळ उडणार नाही. हे क्लेलापण लागू आहे बरं का निळीताई, दगडाची पूड फुप्फुसात गेली तर ती कलाकाराची आहे की चिखलाची आहे हे फुप्फुस विचारत नाही.

निळी शाई
मान्य. मास्क मी लावते. (बहुतेक वेळा.)

घोडेस्वार
तुम्ही दोघं कशाने घडवायचं यावर भांडताय, कशा*वर* हे कोणीच विचारत नाहीये. खेळणं कुठल्या प्लॅस्टिकचं आहे?

कडक प्लॅस्टिक असेल, टिचकी मारल्यावर टक असा आवाज येणारं, तर इपॉक्सी मस्त धरते. पण मऊ विनाइल, दाबलं की आत जाणारं, बाहुल्यांची डोकी असतात तसं, त्यावर कडक इपॉक्सी लावली तर ती प्लॅस्टिकसोबत वाकत नाही. मी एका विनाइलच्या राक्षसाच्या दंडावर कवच घडवलं होतं, सुंदर खवले एकेक कोरून, आणि कोणीतरी कौतुकाने उचलताना दंड दाबला. टप्. कवच टेबलाखाली. तिथे ग्रीन स्टफ बरी पडते, ती पण दोन भागांचीच, निळी नि पिवळी, पण घट्ट झाल्यावर किंचित रबरासारखी लवचिक राहते. फक्त ती पॉलिश पेपरने नीट घासली जात नाही, रवरवते, त्यामुळे जे काय गुळगुळीत करायचं ते ओली असतानाच. आणि पट्टीत निळं-पिवळं जिथे एकमेकांना टेकलेलं असतं तो मधला भाग आधीच घट्ट झालेला असतो, तो कापून फेका, नाहीतर मळल्यावर बारीक गाठी येतात आणि आपण स्वतःलाच दोष देत बसतो.

तिसरा प्रकार म्हणजे हाताला मेणचट लागणारी प्लॅस्टिकं, पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन. त्यांना कशाचाच लळा नाही. तिथे भोकं पाडून तार ओवायची, म्हणजे पुट्टी भोकात शिरून तारेला धरते.

खुडबुड्या, तुम्ही घोडा साबणाने धुतला होता का? जाड पॉलिश पेपरने ओरखडला होता का? कोरल्यावर घासून परत गुळगुळीत केला असणार. गुळगुळीत, त्यात हाताचं तेल, त्यावर इपॉक्सीपण उद्या निघून येईल, सांगून ठेवतो.

खुडबुड्या
धुतला नव्हता. ओरखडे काढून टाकले होते, चांगलं दिसावं म्हणून. 🙈

पण तरी मुद्दा बदलत नाही. क्ले आकसली नसती तर निदान बसून तरी राहिली असती.

कापूसकोंडी
मी अगदी नवीन आहे, हसू नका. मला एका बाहुलीला मेंढ्यासारखी वळलेली शिंगं करायची आहेत. ओव्हनमध्ये भाजायची पॉलिमर क्ले आहे घरात. बाहुलीवरच घडवून सगळंच ओव्हनमध्ये ठेवलं तर?

घोडेस्वार
नको नको नको. ती क्ले साधारण 130 अंशांना भाजतात, विनाइल त्याच्या कितीतरी आधी लोळागोळा होतं, शिवाय धूर होईल तो वेगळा. शिंगं *वेगळी* घडवून भाजा आणि थंड झाल्यावर तार घालून चिकटवा, हे चालेल.

निळी शाई
किंवा शिंगं स्टोन क्लेची करा. ॲल्युमिनियमची फॉइल चुरगळून शिंगाचा आकार द्या, त्यावर पातळ थर. फॉइल थोडी दबते त्यामुळे क्ले आकसली तरी फाटत नाही, आणि डोक्यावर भार पडत नाही. इपॉक्सीची एवढी मोठी शिंगं केलीत तर बाहुली मान खाली घालून बसेल कायमची. सुकल्यावर सगळीकडून वार्निश मात्र लावा, खालून पण, नाहीतर दमट हवेत मऊ पडेल.

खुडबुड्या
बघा, वार्निश लावलं नाही तर मऊ पडते. हे मटेरियल आहे की रुसवा?

आणि ते पापणी कोरायचं कौतुक चाललंय म्हणून सांगतो, अपॉक्सी स्कल्प्टला एक ते तीन तास मिळतात काम करायला. पहिली पंधरा-वीस मिनिटं ती बोटांनाच जास्त चिकटते, तेव्हा नुसता ढोबळ आकार द्यायचा, मग जरा ताठ झाली की ओल्या टोच्याने केसाची एकेक बट ओढायची, ती जशी ओढली तशी राहते, खाली ओघळत नाही. दुसऱ्या दिवशी पूर्ण कडक, तेव्हा कोरा, ड्रिल मारा, घासा, काय हवं ते करा. वर अजून पुट्टी लावली तर ती पण धरते. नाक आवडलं नाही तर घासून नवीन नाक लावता येतं ताई, जन्मभराचं काही नाही.

निळी शाई
घासून! इपॉक्सीचं नाक घासायला बसलात तर आधी हात दुखेल मग नाक बदलेल. माझं नाक ओल्या ब्रशने दोन मिनिटांत बदलतं.

टोचणी
मला ॲलर्जी झाल्यापासून मी मोठ्या गोष्टींना फोम क्ले वापरतोय, पंख, टोप्या, ढगासारखे केस. वजन जवळपास नाहीच, सुकल्यावर थोडी लवचिक राहते त्यामुळे पडली तरी फुटत नाही. बारीक काम होत नाही हे खरं, कड बोथटच येते. पण आकसून तडे जाणं हा प्रकार तिच्यात मला फारसा दिसला नाही. म्हणजे खुडबुड्यांचं "एअर-ड्राय नकोच" तिथेही पडतं.

खुडबुड्या
फोम क्लेच्या पृष्ठभागाला भोकं दिसतात बुडबुड्यांची. रंग दिला की जास्तच दिसतात. असो, ज्याची त्याची आवड.

रिकामटेकडा
"असो" आलं म्हणजे माघार.

खुडबुड्या
माघार नाही! अपडेट देतो उलट. घोडा साबणाने धुतला, जाड पेपरने मान ओरखडली (घोडेस्वार, आभार), तीन बारीक भोकं पाडून तार ओवली, त्यावर इपॉक्सीची आयाळ. हातमोजे घातले होते टोचणीदादा. रात्रभर ठेवली. सकाळी भेग नाही, फट नाही, धरून ओढली तर आख्खा घोडा उचलला जातो. बटा अशा आल्यात की स्वतःच दहा वेळा जाऊन बघितल्या.

फक्त घोडा उभा राहत नाहीये.

घोडेस्वार
म्हणजे?

खुडबुड्या
त्याचा पुढचा एक पाय मुळातच उचललेला आहे. आयाळ जड झाली. टेबलावर ठेवला की नाकावर जातो.

निळी शाई
😂😂 पुढे?

खुडबुड्या
आतून पोकळ आहे तो. पोटाखाली भोक पाडून मागच्या बाजूला लोखंडी छर्रे भरले. आता उभा राहतोय.

निळी शाई
म्हणजे हलकी क्ले नको म्हणून जड पुट्टी, आणि पुट्टी जड झाली म्हणून मागून छर्रे.

खुडबुड्या
छर्रे आत खुळखुळू नयेत म्हणून पुट्टीच लावलीय.