मदत हवी आहे: वांगासाठी केमिकल पील करावं का?

बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग आलेत. त्वचारोगतज्ज्ञांनी ३५ टक्के ग्लायकोलिक ॲसिडचं पील (म्हणजे ॲसिड लावून त्वचेचा वरचा थर सोलून काढणं) सुचवलंय, दर दोन-तीन आठवड्यांनी एक. आधी काही दिवस रेटिनॉलचं क्रीम बंद, नंतर सनस्क्रीन न चुकता, एवढं समजलं. पण मी सावळी. अशा त्वचेवर पील जरा जास्त लागलं तर डाग उलट गडद होऊ शकतात. माझ्या जावेला पार्लरमधल्या पीलनंतर हनुवटीवर तपकिरी चट्टा उठलाय, म्हणून पार्लर बादच! सावळ्या रंगावर ग्लायकोलिक कुणी केलंय का? की आधी मँडेलिक ॲसिडचं सौम्य पील मागू? स्कूटरवरून रोज ऑफिसला जाणाऱ्यांनी सालं निघतात ते दिवस कसे काढले? (सासूबाईंची मसूरडाळ लावून झालीय.) आत्ता भर उन्हाळ्यात सुरू करू की पावसाळ्यापर्यंत थांबू?