मदत हवी आहे: १९७२ च्या शेव्हरोले सी-१० ला नवं इंजिन बसवलं, जुनी वायरिंग कुठे जोडायची?

नमस्कार मंडळी,

जरा लांबलचक लिहितोय, कारण वायरिंगचा सल्ला अर्धवट माहितीवर कोणी देऊ शकत नाही.

मी टेक्ससमध्ये राहतो. माझ्याकडे १९७२ ची शेव्हरोले सी-१० पिकअप आहे. शेजारच्या आजोबांनी ती नवी घेतली होती. मला देताना त्यांनी एकच अट घातली, डॅशबोर्ड कापायचा नाही. मलाही तो कापायचा नाही. किल्ली डॅशमध्येच फिरते, डावीकडे काचेच्या फ्यूजची जुनी पेटी आहे, चार्जिंगचा लाल दिवा अजून लागतो. दिवे, हॉर्न, वायपर सगळं मूळ वायरिंगवर व्यवस्थित चालतं. त्यामुळे सगळी वायरिंग उपटून तयार किट टाकण्याचा सल्ला कृपया देऊ नका. तो पुष्कळांनी देऊन झालाय.

जुनं ३५० (३५० घन इंचाचं इंजिन) काढून २००२ च्या सिल्व्हराडोचं ५.३ लिटरचं व्हीएट इंजिन (एलएम-७) बसवलंय. केबल थ्रॉटल, गिअरबॉक्स आणि ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) त्याच गाडीचे. चोरीविरोधी लॉक ईसीएममधून आधीच बंद करून घेतलंय. इंजिनाचा हार्नेस (तारांचा जुडगा) वेगळा सोलून, नको त्या तारा काढून स्वच्छ केलाय.

आता जोडणी. ईसीएमला कायम करंट देणाऱ्या नारिंगी तारा फ्यूज लावून थेट बॅटरीवर. इग्निशनच्या गुलाबी तारा, म्हणजे ईसीएम, आठही कॉइल आणि इंजेक्टर, सध्या जुन्या कॉइलच्या प्लसला येणाऱ्या तारेवर. सेल्फची जांभळी तार जुनीच. अल्टरनेटरच्या एल पिनला डॅशच्या लाल दिव्याची तपकिरी तार. जुना बाहेरचा व्होल्टेज रेग्युलेटर काढून टाकलाय.

त्रास असा. किल्ली फिरवली की पेट्रोल पंप दोन सेकंद वाजतो, म्हणजे ईसीएम जागा होतो. पेट्रोलचा दाब ५८ पीएसआय, हवा तेवढा. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. कधीतरी किल्ली सोडता सोडता एखादा ठोका देतं. गुलाबी तारेवर मीटर लावला तर १२.४ व्होल्ट. बॅटरी नवी आहे. क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणारा) बदलला, फरक नाही.

करंट पूर्ण येतोय मग अडतंय कुठे? आणि या दोन वायरिंगची गाठ नेमकी कुठे घालायची?

प्रतिसाद (सांगली)

दादा, तुमची गाडी मी हात लावून पाहिलेली नाही. पण तीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतोय, म्हणून सांगतो. १२.४ वर विश्वास ठेवू नका. मीटर करंट ओढतच नाही, त्यामुळे बारीक अडथळा असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवणार.

इंजिनाच्या सगळ्या गुलाबी तारा त्या तारेवरून सोडवा. तिथे हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावा, दुसरं टोक इंजिनच्या अर्थला. किल्ली ऑन करा आणि बल्ब पेटलेला असताना मीटर धरा. आकडा इथे टाका, मग बोलू.

अजून एक. जांभळी तार सेल्फवरून काढून ठेवा आणि किल्ली सेल्फच्या जागेवर धरून बघा. बल्ब विझता कामा नये. म्हणजे सेल्फ न फिरवता कळेल की त्या स्थितीतही करंट येतो की नाही.

धागाकर्ता

काका, बल्ब मंद पेटला. मीटरवर ६.८ व्होल्ट! बल्ब काढला की परत १२.४. किल्ली सेल्फवर धरली तरी बल्ब तसाच मंद, विझत नाही.

प्रतिसाद (न्यू जर्सी)

सापडलं. माझ्याकडे याच पिढीची गाडी आहे. इंजिनच्या बाजूला, केबिनच्या पत्र्यातून बाहेर येणाऱ्या मोठ्या प्लगपासून कॉइलपर्यंत जी तार जाते ती साधी नाही. कापडासारखं आवरण असलेली रेझिस्टन्स वायर आहे, दीड-दोन ओहमची. पॉइंट आणि कॉइलच्या काळात कॉइलला चालताना कमी व्होल्टेज मिळावा म्हणून कंपनीने मुद्दाम टाकलेली. सेल्फ मारताना मात्र कॉइलला पूर्ण व्होल्टेज लागायचा. त्यासाठी सेल्फच्या सोलेनॉइडवर (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचवर) आर नावाचं वेगळं टर्मिनल होतं, तिथून पिवळी तार कॉइलला यायची. तुमच्या नव्या सेल्फला ते टर्मिनलच नाही. म्हणजे पूर्ण करंटची वाट गेली आणि अडथळ्याची तेवढी राहिली. एकट्या ईसीएमला ती तार पुरते, म्हणून पंप वाजतो. आठ कॉइल आणि आठ इंजेक्टर एकदम ओढायला लागले, त्यात सेल्फने बॅटरी खाली खेचली, की ईसीएम बंद पडतो.

प्रतिसाद (सांगली)

बरोबर. आता गाठ कुठे घालायची ते सांगतो. जुन्या वायरिंगकडून फक्त इशारा घ्या, करंट घेऊ नका.

चाळीस अँपियरचा एक चांगला रिले आणा, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीवरून जाड तार, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. ८७ वरून नवी छोटी फ्यूज पेटी: ईसीएमला १० चा, डाव्या बाजूच्या कॉइल-इंजेक्टरला १५ चा, उजव्या बाजूला १५ चा, ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरला वेगळा. ८५ अर्थला. ८६ ला डॅशच्या किल्लीची गुलाबी तार, पण रेझिस्टन्स वायरच्या अलीकडून. रिलेला जेमतेम पाव अँपियर लागतो, पन्नास वर्षांची तार तेवढं सहज देते. पेटी सीटमागे किंवा फेंडरच्या आत बसवा, डॅशला धक्का लागत नाही. पेट्रोल पंपालाही असाच वेगळा रिले आहे ना, तेवढं बघा.

अर्थ नीट करा. केबिन चॅसिसवर रबराच्या बुशवर बसलेली असते, तिला आपोआप अर्थ मिळत नाही. इंजिन ते चॅसिस, इंजिन ते केबिन, आणि बॅटरीची मायनस थेट इंजिनवर. रंग खरवडून, थिंबल दाबून, वर ग्रीस.

प्रतिसाद (न्यू जर्सी)

अल्टरनेटरची जाड तारही बदला. जुना साधा अल्टरनेटर ३७ अँपियरचा होता, सिल्व्हराडोचा १०५ चा. तेवढा करंट जुन्या लाल तारेतून गेला तर ती तापेल. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी ४ गेजची केबल, तिला मोठा फ्यूज. आणि एल पिनला एकतर दिवा जोडा किंवा ईसीएमची तार, दोन्ही एकत्र नकोत. दिव्याशिवाय थेट १२ व्होल्ट तर कधीच नको, आतला रेग्युलेटर जातो.

धागाकर्ता

सुरू झालं! पहिल्याच सेल्फला. रिले, नवी फ्यूज पेटी, अर्थच्या तीन पट्ट्या, ४ गेजची केबल, सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. चार्जिंग १४.१ व्होल्ट. आजोबांना फोनवर आवाज ऐकवला, बराच वेळ बोलले नाहीत.

पण आता उलटाच प्रश्न. किल्ली बंद केली तरी इंजिन चालूच राहतं! बॅटरीवरचा फ्यूज काढला तेव्हा बंद झालं. रिले चिकटला का? बदलून पाहिला, तेच.

प्रतिसाद (सांगली)

रिले चांगला आहे. किल्ली बंद केल्यावर डॅशचा लाल दिवा मंद पेटतो का बघा. पेटत असेल तर अल्टरनेटर चालू असताना एल पिनवरून करंट उलटा येतोय. दिव्यातून तो किल्लीच्या गुलाबी तारेवर जातो आणि तेवढ्यावर रिले धरून राहतो. आधी सगळा भार त्याच तारेवर होता, तेव्हा एवढ्याशा करंटने काही झालं नसतं. रिलेला मात्र तो पुरतो.

तपकिरी तारेत एक डायोड टाका, वन-एन-४००७. तो करंट एकाच दिशेने जाऊ देतो. पांढरा पट्टा अल्टरनेटरच्या बाजूला. वर श्रिंक स्लीव्ह.

धागाकर्ता

दिवा खरंच मंद पेटत होता. डायोड टाकला. किल्ली बंद केली की इंजिन लगेच बंद, आणि ऑन केल्यावर चार्जिंगचा दिवा पूर्वीसारखाच लागतो.

काका आणि न्यू जर्सीकर, दोघांचे मनापासून आभार. जुन्या पेटीतला एकही फ्यूज हलवावा लागला नाही. कोणाला याच जोडणीचा नकाशा हवा असेल तर सांगा, कागदावर काढलाय, फोटो टाकतो.

शेवटचा प्रश्न: पेट्रोलची टाकी केबिनमध्ये सीटच्या मागेच आहे. ती तशीच ठेवून आत पंप बसवावा, की टाकी मागे चॅसिसखाली हलवावी? कोणी केलं असेल तर पेट्रोलच्या काट्याचा (गेजचा) सेन्सर कसा जुळवला तेही लिहा. जुना ० ते ९० ओहमचा आहे.