शब्दचर्चा : 'माउंट'ला मराठीत काय म्हणायचं?

निळा पट्टा :
आमच्या ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या (जमिनीवरच्या पकडींचा, कुस्तीसारखा खेळ) वर्गात लहान मुलांची तुकडी सुरू झाली आहे. निम्मी मुलं मराठी शाळेतली. त्यांच्यासाठी चार पानांचं टिपण मराठीत लिहायला घेतलं आणि पहिल्याच पानावर 'माउंट'पाशी अडले.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी सांगते. समोरचा उताणा पडलेला. तुम्ही त्याच्या पोटावर नाहीतर छातीवर, दोन्हीकडे गुडघे टेकून, तोंड त्याच्या तोंडाकडे. त्याचे पाय तुमच्या पाठीमागे राहतात, म्हणजे त्याच्या फारशा कामाचे नाहीत. स्पर्धेत ही बैठक 3 सेकंद टिकली की 4 गुण. नुसतं खाली पाडलं तर 2च.

आतापर्यंतची यादी : आरूढ स्थिती, छातीबैठक, सवारी. पहिला शब्द परिपत्रकातला वाटतो, दुसरा योगवर्गातला. सवारी बरा वाटतोय. माझी कसोटी एकच, शब्द मॅटच्या कडेला उभं राहून ओरडता आला पाहिजे.

तांबडी माती :
ताई, सवारी नको. तो शब्द आमच्या तालमीत आधीच कामाला लागलाय. खालचा गडी पालथा असतो, वरचा त्याच्या पाठीवर पाय अडकवून बसतो, ती सवारी. तिथनं त्याला फिरवून चीत करायचा. तुमचा गडी तर उताणा. एखादं पोरगं सकाळी तालमीत आणि संध्याकाळी तुमच्याकडं आलं तर गोंधळ उडंल.

आणि उताण्या गड्यावर बसायला आमच्याकडं शब्दच नाही. का नाही ते बघा. पाठ मातीला लागली की कुस्ती संपली, हलगी वाजली, गडी फेटा बांधून घ्यायला मोकळा. पट, ढाक, मोळी, कलाजंग, धोबीपछाड हे सगळे तिथपर्यंत पोचायचे रस्ते. चितपट केला, अस्मान दाखवलं, पाठ लावली, ही पोचल्याची खबर. त्याच्यापुढं वर बसून करायचं काय?

निळा पट्टा :
हेच माझ्या लक्षात आलं नव्हतं. आमचा खेळ तिथेच तर सुरू होतो. जो अस्मान बघतोय तो अजून हरलेला नाही. खालून गळा आवळू शकतो, हात मोडायला काढू शकतो, उलटवून वर येऊ शकतो. ज्यूदोमध्ये तरी उताण्याला 20 सेकंद दाबून धरलं की इप्पोन मिळतो, म्हणजे पूर्ण गुण, लढत तिथेच संपते. आमच्याकडे दाबून धरण्याने गुण मिळतात, पण कुस्ती संपत नाही.

शब्दवेडी :
मग शब्द तालमीत न शोधता भांडणात शोधा. उरावर बसणे, छाताडावर बसणे, बोकांडी बसणे, मानगुटीवर बसणे. सावकार छाताडावर बसतो, भूत मानगुटीवर. मराठी माणसाला यातला फरक नेमका कळतो. उरावरचा समोरून दिसतो, मानगुटीवरचा दिसत नाही. तुमच्या खेळात पाठीमागून घट्ट पकडण्याची वेगळी बैठक असते ना? तिला मानगूट म्हणा, पोरं विसरणार नाहीत.

माउंटसाठी मात्र 'उरावर' अपुरा आहे. तो कुठे बसलात ते सांगतो, कसे बसलात ते सांगत नाही. दुसऱ्या भाषांनी काय केलंय ते बघा. ज्यूदोतलं शास्त्रोक्त नाव ताते-शिहो-गातामे, म्हणजे उभ्या अंगाने चारी बाजूंनी धरणं. पण जपानी माणूस साध्या बोलण्यात उमानोरी म्हणतो, आणि उमा म्हणजे घोडा. ब्राझीलमधले लोक पोर्तुगीजमध्ये मोंताडा म्हणतात, तोही घोड्यावर चढण्यातूनच आलेला. म्हणजे सगळ्यांना घोडाच दिसलाय. आणि घोड्यावर बसण्याला मराठीत अस्सल शब्द आहे : मांड. मांड ठोकली, मांड पक्की आहे, मांड ढिली पडली.

खोगीरभरती :
मोंताडा आणि मांड! पोर्तुगीज गोव्यात होतेच की. तिथूनच आला असणार.

शब्दवेडी :
नाही. मोंताडाच्या मुळाशी लॅटिनमधला डोंगराचा शब्द आहे, म्हणजे अर्थ चढणं. इंग्रजी माउंट त्याच कुळातला. मांड आपल्या मांडीतून आलेली. सारखेपणा योगायोगाचा. पण फरक मला जास्त आवडला. ते वर चढण्याचं नाव देतात, आपण मांड्यांनी धरून राहण्याचं.

निळा पट्टा :
काल वर्गात 'मांड' वापरून पाहिला. हे जरा सविस्तर लिहिते, कारण शब्द नुसता नावापुरता न राहता शिकवायला लागला.

नवशिका माउंटवर पोचला की हातांनी धरतो. समोरच्याचं डोकं कवटाळतो, कपडा मुठीत घट्ट पकडतो. खालचा नेमका त्याच हाताला आपल्या छातीशी बांधतो, त्याच बाजूचा पाय आपल्या पायाने अडवतो आणि कंबर उसळवतो. वरचा पालथा. नवा स्वार लगामाला लोंबकळतो आणि पडतो, तसंच. "हात सोड, मांड आवळ" एवढं म्हटलं की आठ वर्षांच्या मुलीलाही कळतं. कंबर जड करून खाली सोडायची, गुडघे त्याच्या बरगड्यांना चिकटवायचे, पावलं त्याच्या मांड्यांखाली घ्यायची. हात मोकळे ठेवायचे, उसळी आली की डोक्याच्या वरच्या बाजूला जमिनीवर टेकायला.

या उसळीचं ब्राझिलियन नाव उपा. पोर्तुगीजमध्ये घोड्याने अचानक मारलेल्या उडीला उपा म्हणतात. म्हणजे मी 'उसळी' शिकवत होते तेव्हा नकळत भाषांतरच करत होते.

आता प्रकार. बसलात पोटावर आणि पाय त्याच्या पायांत वेलीसारखे गुंतवले तर ती खालची मांड. टिकायला उत्तम, पण तिथून हल्ला करायला फारसं काही नाही. गुडघे एकेक करत त्याच्या बगलेत घुसवले की वरची मांड. इथे त्याची कोपरं वर उचलली जातात आणि त्याच्या कमरेची उसळी तुमच्या मागे वाया जाते. तो कुशीवर वळला तर हट्टाने तसंच बसून राहायचं नाही, घसराल. एक गुडघा त्याच्या डोक्यामागे, दुसरं पाऊल पोटासमोर, ही तिरकी मांड. टिकवणं म्हणजे चिकटून राहणं नव्हे, तो वळेल तशी मांड बदलणं. माझ्या पहिल्या वर्षी मला हे कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी कवटाळत राहिले आणि दर वेळी पालथी पडले.

बांदेकर नव्हे, बांद्याजवळचा :
आमच्या गोव्याच्या बाजूला मांड म्हणजे शिगम्याचा मांड. गावाची पवित्र जागा, तिथे चप्पल घालून जात नाहीत. तुमच्या मॅटवरही चप्पल घालून जात नसाल, तेव्हा चालवून घेतो.

पण चावीचं तुम्ही कोणी काढलंच नाही! हाताच्या सांध्याला कुलूप लावण्याचे डाव असतात त्यांना ब्राझीलमध्ये शावी जि ब्रासु म्हणतात, हाताची चावी. हाच तो पोर्तुगीज शावी, आपण त्याची चावी केली. बटाटा, पाव यांच्या रांगेतला. हा शब्द आपल्याकडे आधीच येऊन बसलाय, नवा कशाला घडवता?

निळा पट्टा :
कमाल! गंमत म्हणजे इंग्रजीला तिथे कुलूप दिसतं, पोर्तुगीजला चावी. आणि हालचाल खरंच चावीची आहे. 'वरची मांड' घेऊन अमेरिकाना नावाचा डाव करताना त्याचं मनगट जमिनीवर दाबायचं, आपला दुसरा हात त्याच्या दंडाखालून घालून आपलंच मनगट पकडायचं, मग त्याचा हात जमिनीवरून कमरेकडे घासत न्यायचा आणि कोपर उचलायचं. खांद्यात चावी फिरते. 'मनगटचावी' नको हं, ताण खांद्यावर येतो. 'खांदाचावी' म्हणू. हात सरळ ताणून कोपरावर दाब देणाऱ्या आर्मबारला 'कोपरचावी'.

गळ्याच्या डावाला मात्र शब्द हवा. दोन्ही हात आडवे करून कॉलरमध्ये खोल घालायचे आणि आवळायचं, हा मांड घेतल्यावरचा जुना आणि साधा हल्ला. रॉजर ग्रेसीने याच एका गोष्टीवर जगज्जेतेपदं मिळवली म्हटलं तरी फार अतिशयोक्ती नाही. 2009 च्या जागतिक स्पर्धेत त्याने सगळ्या प्रतिस्पर्ध्यांना शरण यायला लावलं. समोरच्याला ठाऊक असायचं काय येणार आहे, तरी अडवता यायचं नाही. कारण अर्ध्या लोकांचं लक्ष गळ्यावर असतं आणि खरं काम मांड करत असते. एक हात कॉलरमध्ये गेला की खालचा गळा वाचवायला कोपरं उघडतो, तिथे चावी तयार. चावी वाचवायला कोपरं मिटतो, तिथे गळा मोकळा.

शब्दवेडी :
'गळफास' मुलांच्या टिपणात नको. नुसता 'फास' पुरेसा आहे. 'आडवा फास'.

खोगीरभरती :
आणि शरण येताना हात आपटतात, त्या टॅपला 'थाप' म्हणायचं का?

तांबडी माती :
म्हणा की. "त्यानं शेवटी थाप मारली." अख्खं गाव विचारंल, कसली थाप मारली?

निळा पट्टा :
टॅपला टॅपच ठेवते. मुलांना लवकर आणि न लाजता करता यावा म्हणून तो शब्द जितका साधा, तितका बरा. खालून कंबर सरकवत गुडघा आत घेऊन निसटण्याला जपानीत एबी म्हणतात, म्हणजे कोळंबी. अंगाचा आकार तसाच होतो. आमच्या मुलांनी तो शब्द मला न विचारता आधीच मराठीत आणलाय. अख्खी रांग जमिनीवर कोळंबी काढत जाते.

एकच अडलंय. खालच्याने कोळंबी काढून वरच्याचा एक पाय आपल्या दोन्ही पायांत पकडला, तर मांड गेली पण स्वार अजून पडलेला नाही. इंग्रजीत हाफ गार्ड. त्याला काय म्हणू?

तांबडी माती :
पाय रिकिबीत अडकला म्हणा. घोडा उधळला की स्वाराचं तसंच हुतं.