निवासी रस्त्यावरील वेग कमी करण्याच्या प्रस्तावाला संमती देण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न — कोपऱ्यावरचे_घर

आमच्या वस्तीतून जाणारा रस्ता दोन मोठ्या रस्त्यांना जोडतो. मुख्य चौकातला सिग्नल टाळण्यासाठी बरीच वाहने सकाळ-संध्याकाळ याच रस्त्याने जातात, आणि रस्ता सरळ व रुंद असल्यामुळे ती वेगाने जातात. तक्रारी वाढल्यावर स्थानिक प्रशासनाने या रस्त्यावर ठरावीक अंतराने गतिरोधक घालण्याचा आणि वेगमर्यादा ताशी ५० वरून ३० किलोमीटरवर आणण्याचा प्रस्ताव तयार केला असून, त्यावर रहिवाशांच्या हरकती व सूचना मागवल्या आहेत.

वस्तीत दोन तट पडले आहेत. काहींच्या मते हे फार पूर्वीच व्हायला हवे होते. इतरांचे म्हणणे असे की गतिरोधकांमुळे आवाज वाढेल, रुग्णवाहिका अडेल आणि वाहने शेजारच्या अरुंद गल्लीत शिरतील. माझे मत अद्याप ठरलेले नाही. वेग खरोखर किती कमी होतो, त्याचा अपघातांवर काय परिणाम होतो, आणि असा निर्णय प्रशासनाने कोणत्या आधारावर घ्यावा, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. 'गतिरोधक हवेत की नकोत' एवढ्यापुरते उत्तर मला नको आहे, कारण त्या वादात आम्ही आधीच पुरेसे अडकलो आहोत.

उत्तर — उतार_आणि_वळण

रस्त्यांच्या आखणीशी माझा व्यवसायाच्या निमित्ताने बराच काळ संबंध आला आहे, म्हणून प्रथम वेगाच्या आकड्यांविषयी लिहितो. अचानक कोणी समोर आले तर चालकाच्या लक्षात येऊन ब्रेक दाबला जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले असतील, तर ताशी ३० किलोमीटर वेगाचे वाहन एकूण सुमारे १३ मीटरमध्ये पूर्ण थांबते. ताशी ५० च्या वेगाने येणारे वाहन त्या पहिल्या सेकंदातच जवळपास १४ मीटर पुढे गेलेले असते. म्हणजे पहिले वाहन जिथे उभे राहते, तिथे दुसरे वाहन वेग तसूभरही कमी न करता पोचते. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती पावणेतीन पटींहून अधिक असते, ही त्याच्या जोडीची गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेगात एक टक्का वाढ झाली की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोम येथे झालेल्या मंत्रिस्तरीय परिषदेच्या जाहीरनाम्यात, जिथे पादचारी आणि सायकलस्वार वाहनांमध्ये वारंवार मिसळतात तिथे ताशी ३० ची कमाल मर्यादा असावी असे म्हटले आहे, त्यामागेही हेच गणित आहे.

याच्या दुसऱ्या बाजूला वेळेचा हिशेब मांडून पाहावा. अर्धा किलोमीटर लांबीचा रस्ता ५० च्या वेगाने ३६ सेकंदांत पार होतो आणि ३० च्या वेगाने ६० सेकंदांत. चोवीस सेकंदांसाठी एवढी भांडणे होतात याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

मात्र फलकावरचा आकडा बदलला म्हणजे वेग बदलला, असे कृपया समजू नये. ब्रिटनच्या परिवहन खात्याने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, केवळ फलक लावून ताशी २० मैलांची मर्यादा लागू केलेल्या निवासी भागांत मध्यक वेग एका मैलापेक्षाही कमी अंतराने घसरल्याचे आढळले. याउलट, रस्त्याच्या रचनेतच बदल केलेल्या २० मैलांच्या विभागांमध्ये त्याच देशात १९९० च्या दशकातील पाहणीत सरासरी वेग सुमारे नऊ मैलांनी उतरला होता. रस्ता रुंद, सरळ आणि मोकळा दिसत असेल तर चालकाचा पाय फलकापेक्षा रस्त्याचे जास्त ऐकतो.

गतिरोधकांच्या बाबतीत त्यांचा आकार हा कळीचा मुद्दा आहे. ब्रिटनमधील रस्ते संशोधन प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाच्या आरंभी वेगवेगळ्या आकारांच्या चाचण्या झाल्या आणि त्यातून सुमारे ३.७ मीटर लांबीचा, जास्तीत जास्त १० सेंटिमीटर उंचीचा, गोलाईदार उंचवटा पुढे आला. तो ताशी २५ ते ३० किलोमीटरने सहज ओलांडता येतो आणि त्यापेक्षा जास्त वेग घेतला की त्रास वाढत जातो. हातभर लांबीचा, अचानक वर येणारा आखूड उंचवटा नेमके उलटे काम करतो. हळू जाणाऱ्याला तो जोरात बसतो, पण वेगाने जाणाऱ्या जड मोटारीच्या स्प्रिंगा तो धक्का पुष्कळसा गिळून टाकतात, आणि दुचाकीस्वाराचा मात्र तोल जातो. अंतरही तितकेच महत्त्वाचे आहे. दोन उंचवट्यांमध्ये शंभर मीटरपेक्षा जास्त जागा राहिली तर चालक मधल्या पट्ट्यात पुन्हा वेग घेतो आणि पुढच्या उंचवट्याशी जोरात ब्रेक दाबतो. त्यातून आवाज, धूर आणि रहिवाशांचा संताप एवढेच निष्पन्न होते.

म्हणून प्रस्तावाच्या कागदांत उंचवट्याची लांबी, उंची, दोन उंचवट्यांमधील अंतर आणि पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याची सोय स्पष्ट लिहिलेली आहे का, ते आधी पाहावे. 'योग्य ठिकाणी गतिरोधक बसवण्यात येतील' एवढेच वाक्य असेल, तर त्याला प्रस्ताव म्हणता येत नाही.

उत्तर — मागची_गल्ली

वरील उत्तरातील गणिताशी माझा वाद नाही, पण एका प्रश्नाला त्यात बगल दिली गेली आहे असे वाटते. एका रस्त्यावर वेग कमी केला की तिथली वाहने हवेत विरून जात नाहीत. त्यांतील काही मुख्य रस्त्यावर परततात आणि काही जवळची दुसरी वाट शोधतात. ती वाट ज्यांच्या दारावरून जाते त्यांना हरकती मागवणारी सूचना बहुधा मिळालेलीच नसते, कारण सूचना फक्त 'प्रस्तावित रस्त्यालगतच्या' घरांना पाठवली जाते. ज्या वस्तीत पत्रे लिहिणारे, बैठकांना जाणारे आणि प्रतिनिधींना ओळखणारे लोक जास्त आहेत, तिथे उपाय आधी पोचतो. खरा धोका अनेकदा दुसऱ्याच रस्त्यावर असतो, पण तिथले रहिवासी भाड्याने राहणारे, दिवसभर कामावर असणारे असतात आणि त्यांची तक्रार कोणाच्या फायलीत नसते. तक्रारींच्या संख्येवरून रस्ते निवडणे ही माझ्या मते या संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत मोठी खोट आहे.

दुसरा मुद्दा रुग्णवाहिका आणि अग्निशमन वाहनांचा. प्रत्येक उंचवट्यामागे अशा जड वाहनाचे काही सेकंद जातात. एका रस्त्यापुरते हे नगण्य असले, तरी केंद्रापासून वस्तीपर्यंतच्या मार्गावर असे दहा-बारा उंचवटे झाले की बेरीज मिनिटाच्या पुढे जाते. युरोपात यावर उपाय म्हणून पूर्ण रुंदीऐवजी मध्ये सुटे चौकोनी उंचवटे ठेवतात. अग्निशमन गाडीची चाके रुंद अंतरावर असल्याने ती त्यांच्या दोन्ही बाजूंनी निघून जाते, मोटारीचे मात्र निदान एका बाजूचे चाक चढतेच. परंतु जिथे दुचाकींचे प्रमाण मोठे आहे तिथे हा उपाय फसतो, कारण दुचाकी त्या फटींतून वेग न उतरवता जातात. उपाय उसना घेताना आपल्या रस्त्यावर कोणती वाहने धावतात ते मोजले पाहिजे, आणि तेच सहसा कोणी मोजत नाही.

मी गतिरोधकांच्या विरोधात आहे असा याचा अर्थ घेऊ नये. एकेका रस्त्याचा सुटा निर्णय मला मान्य नाही, इतकेच.

उत्तर — ठरावाची_प्रत

स्थानिक प्रशासनाच्या अशा ठरावांची प्रक्रिया मी आतून पाहिलेली आहे, म्हणून 'मागची_गल्ली' यांच्या आक्षेपापासूनच सुरुवात करतो. वाहने शेजारी सरकतात ही भीती रास्त आहे, पण ती प्रत्येक वेळी खरी ठरते असे नाही. लंडनमधील २० मैलांच्या विभागांचा १९८६ ते २००६ या वीस वर्षांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या विभागांतील जखमी व मृतांची संख्या सुमारे ४२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले आणि लगतच्या रस्त्यांवर अपघात सरकल्याचा पुरावा मिळाला नाही. याचे एक कारण असे की ते विभाग होते, सुटे रस्ते नव्हते. चारी बाजूंच्या मोठ्या रस्त्यांच्या आतला संपूर्ण तुकडा एकत्र घेतला की पळवाट म्हणून वापरण्याजोगी गल्लीच शिल्लक राहत नाही. त्यामुळे दोन्ही उत्तरे वाचल्यावर माझा कल असा आहे की या हरकतींच्या टप्प्यावर सर्वांत उपयुक्त मागणी 'प्रस्ताव रद्द करा' किंवा 'लवकर करा' ही नसून 'प्रस्तावाची हद्द वाढवा' ही आहे.

बाहेरून येऊन नुसती पार होणारी वाहने हा मूळ त्रास असेल, तर वेगापेक्षा मार्गाचा विचार आधी व्हावा. बार्सिलोनात काही चौकोनी वस्त्या एकत्र करून आतली रचना अशी केली आहे की रहिवाशांचे वाहन घरापर्यंत जाते, पण सरळ पार होऊ पाहणारे वाहन वळून पुन्हा बाहेरच्याच मोठ्या रस्त्यावर येते. एका तिठ्यावर खांब रोवून फक्त सायकली व पादचाऱ्यांना वाट ठेवली तरी असाच परिणाम साधतो, आणि तेवढ्यासाठी रस्ता खणावा लागत नाही. अग्निशमन दलाकडे किल्ली असलेला, काढता येणारा खांब ठेवला तर मघाशी उपस्थित केलेला प्रश्नही बराचसा सुटतो. प्रश्नकर्त्यांच्या वर्णनावरून त्यांच्या रस्त्याला वेगाच्या इतकीच ही व्याधी दिसते.

आता निर्णयाच्या आधाराविषयी. माझ्या मते प्रशासनाने किमान एक संपूर्ण आठवडा, रात्रीसह, वेग आणि वाहनांची संख्या मोजलेली असावी, आणि अहवालात केवळ सरासरी न देता शंभरांपैकी पंच्याऐंशी वाहने ज्या वेगाच्या आत चालतात तो वेगही द्यावा. गर्दीच्या वेळी वाहने मुंगीच्या गतीने सरकत असतात, त्यामुळे सरासरी कमी दिसते. धोका मध्यरात्रीच्या आणि पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर असतो आणि तो सरासरीत बुडून जातो. अपघातांच्या नोंदी जरूर पाहाव्यात, पण एका लहान रस्त्यावर अपघात मुळात इतके थोडे असतात की 'अजून कोणी दगावले नाही, म्हणून उपाय नको' हा युक्तिवाद मी ठरावाच्या चर्चेत ऐकला की मला बैठक सोडून जावेसे वाटे.

निर्णय आधी प्रायोगिक घ्यावा, हे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. इंग्लंडमध्ये असा तात्पुरता आदेश जास्तीत जास्त १८ महिने लागू ठेवता येतो आणि त्या काळातील अनुभव पाहून तो कायम किंवा रद्द केला जातो. ऑस्ट्रियातील ग्राट्स शहराने १९९२ मध्ये मुख्य रस्ते वगळून सर्वत्र ताशी ३० ची मर्यादा प्रयोग म्हणूनच आणली. सुरुवातीला विरोध मोठा होता, पुढे पाठिंबा वाढला आणि मर्यादा टिकली. याउलट वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतील रस्त्यांवर सरसकट २० मैलांची मर्यादा आली, तेव्हा तिच्याविरुद्धच्या याचिकेवर साडेचार लाखांहून अधिक सह्या झाल्या. पुढच्या वर्षी सरकारने मर्यादा कायम ठेवून, कोणत्या रस्त्यांना अपवाद करावे याचा फेरविचार करण्याची मुभा स्थानिक परिषदांना दिली. जखमी व मृतांची संख्या तिथे कमी झाली, हेही नोंदवले पाहिजे. पण अपवादांची चर्चा आधी झाली असती तर एवढा रोष कदाचित ओढवला नसता, असे माझे वैयक्तिक मत आहे.

प्रश्नकर्त्यांचा प्रतिसाद — कोपऱ्यावरचे_घर

तिन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. प्रस्तावाची प्रत पुन्हा वाचली. त्यात वेगाची मोजणी एकाच दिवसाची, तीही दुपारची आहे. उंचवट्यांची उंची दिलेली आहे, लांबी दिलेली नाही. शेजारच्या गल्लीचा उल्लेख कुठेही नाही. आमच्यातील काही जण आता असे सुचवत आहेत की गतिरोधकांऐवजी मधल्या दोन तिठ्यांवर सर्व बाजूंनी 'थांबा' असे फलक लावून घ्यावेत, म्हणजे वाद मिटेल. हे कितपत योग्य आहे?

उत्तर — उतार_आणि_वळण

योग्य नाही. अमेरिकेच्या वाहतूक चिन्हांविषयीच्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेत तर 'थांबा' फलक वेगनियंत्रणासाठी वापरू नयेत असे स्पष्टच म्हटले आहे. आडव्या रस्त्यावर कोणी येत नाही हे दोन-चार दिवसांत लक्षात आले की चालक तिथे थांबणे सोडून देतात, आणि फलकावर विश्वास ठेवून रस्ता ओलांडणारे मूल किंवा वृद्ध माणूस त्यांच्यासमोर येते.

त्या तिठ्यांसाठी दोन गोष्टी मागता येतील. एक, कोपऱ्यांची गोलाई कमी करून वळण काटकोनाच्या जवळ आणणे, म्हणजे वळणाऱ्या वाहनाला आपोआप वेग उतरवावा लागतो आणि ओलांडायचे अंतरही घटते. दुसरी, पादचारी ओलांडतात तो पट्टा पदपथाच्या उंचीला आणणे. हा पट्टा सपाट माथ्याच्या रुंद गतिरोधकाचे काम करतो, चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांना चढ-उतार करावा लागत नाही, आणि दृष्टिहीनांसाठी कडेला खडबडीत फरशी बसवली की पदपथ कुठे संपतो हे पायांना कळते. ही फरशी आराखड्यात नोंदवून घ्यावी, कारण ती नंतर बसवली जात नाही असा माझा अनुभव आहे.

हरकत लिहिताना भाषा विरोधाची ठेवू नये. आठवडाभराची नवी मोजणी, शेजारच्या गल्लीसह संपूर्ण तुकड्याचा नकाशा आणि उंचवट्यांची सर्व मापे मिळाल्यावर आम्ही मत देऊ, असे लिहून मुदतवाढ मागावी, आणि त्या पत्रावर मागच्या गल्लीतील रहिवाशांच्याही सह्या घ्याव्यात.